हुबळीहून आलेले मेसेज

"नमस्कार सर, आपल्या नावावरच्या दुसऱ्या कार्डावर आज हुबळीत दोन व्यवहार झालेत. ते आपणच केलेत ना?"

बँकेतली मुलगी फोनवर विचारत होती. समोर ताटात आमटी-भात निवत होता आणि माझी बायको शैला हातात पळी घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "आमच्या घरचेच आहेत."

"कार्डावर उज्ज्वला वडगावे असं नाव आहे. त्या आपल्या कोण?"

"मुलगी."

"तीन वर्षं कार्ड वापरात नव्हतं, म्हणून विचारलं. शंका असेल तर आत्ता बंद करून टाकते."

"खबरदार!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शैला दचकली. "बंद-बिंद काही करायचं नाही. पोरगी वापरतेय ना? वापरू दे."

मी फोन ठेवला. शैलाने पळी पातेल्यात सोडली आणि पदर डोळ्यांना लावला. तीन वर्षांत या घरात 'मुलगी' हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला होता.

आता याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी सांगलीच्या आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा निदेशक होतो. पोरांना लेथवर लोखंड कातायला शिकवायचं आणि एक सूत जरी जास्त कापलं तरी अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं झापायचं, हा माझा धंदा. पोरं माझ्या पाठीमागे मला 'ग्राइंडर' म्हणायची. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. घरीसुद्धा तोच खाक्या. कर्जवाले, विमावाले कोणी फोन केला की मी त्याची सालटी काढायचो. एकदा श्रावणात कुणीतरी फोन करून नुसतंच गप्प राहिलं. दोनदा 'कोण, कोण' विचारलं, उत्तर नाही. मी म्हणालो, "परत फोन केलास तर तंगडं मोडून हातात देईन!" शैलाने विचारलं, कोण होतं? म्हणालो, चोरटे, दुसरं कोण.

क्रेडिट कार्ड मी काही हौसेने घेतलं नव्हतं. आयटीआयच्या फाटकाशी टाय लावलेला एक पोरगा उभा असायचा, कार्ड घेतलं की प्रवासाची बॅग फुकट. बॅगेची चेन आठवड्यात तुटली, कार्ड तेवढं राहिलं. मग उज्जूला, म्हणजे आमच्या एकुलत्या एका लेकीला, हुबळीच्या एका कंपनीत नोकरी लागली. तेव्हा मी माझ्या खात्यावर तिच्या नावाचं जोडीचं कार्ड काढलं. वापरायचं तिने, बिल यायचं मला. तेव्हा पिन वगैरे भानगड नव्हती. कार्ड घासलं, पावतीवर सही केली की झालं.

"बाबा, मला पगार आहे की," ती म्हणाली.

"असू दे. अडीअडचणीला लागेल. आणि मला कळेल तरी तू जेवतेस का उपाशी मरतेस ते."

खरंच कळायचं. तिने तिकडे कार्ड घासलं की इकडे माझा मोबाइल वाजायचा. आज खानावळ, आज छत्री, आज एक इरकल साडी, ती आईसाठी. महिन्यातून एकदा शनिवारी ती घरी यायची. बसमधून उतरली की आधी स्टँडसमोरच्या नवयुग बेकरीतून खारी घ्यायची, कारण घरात रिकाम्या हातानं येऊ नये म्हणतात. घरी पोचून त्यातली निम्मी स्वतःच चहात बुडवून खायची. बेकरीत कार्ड चालत नाही म्हणून कुरकुर करायची. "बाबा, एवढं एकच दुकान राहिलंय बघा तुमच्या मोबाइलवर यायचं."

मग महांतेश आला. तिच्याच कंपनीतला, कानडी मुलगा. मुलगा वाईट होता का? आज विचाराल तर सोन्यासारखा आहे. तेव्हा मी त्याला पाहिलंही नव्हतं. न पाहताच नको म्हणालो. पाहिलं असतं तर नको म्हणायला कारण शोधत बसावं लागलं असतं.

"त्याच्याशी लग्न केलंस तर या घराचा उंबरा परत चढायचा नाही," मी म्हणालो.

"तुम्ही बोलावल्याशिवाय नाही चढणार," ती म्हणाली. माझीच पोरगी ती. चप्पल घातली आणि गेली.

शैला फोनकडे निघाली तर मी तिला शपथ घातली. "तिला फोन केलास, नाहीतर पत्र टाकलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील." तिचा हात मंगळसूत्रावर गेला. तिने शपथ पाळली. त्या दिवसापासून हुबळीचे मेसेज बंद झाले. मी मात्र मोबाइल कधी बदलला नाही, नंबर तर नाहीच. शैलाला सांगायचो, सवयीचा आहे म्हणून.

आणि तीन वर्षांनी त्या सोमवारी सकाळी दहाला वर्कशॉपमध्ये माझ्या खिशात मोबाइल वाजला. उज्ज्वला वडगावे, हुबळी, एक औषधाचं दुकान, बासष्ट रुपये.

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते विचारू नका. शेजारच्या लेथवर एक पोरगा माल चक्क वाकडा कातत होता, मला दिसत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. साडेबाराला दुसरा आला. हुबळी, लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, दोन हजार आठशे चाळीस. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. निदेशक झाल्यापासून माझी ती पहिली अर्धी रजा. घरी येऊन काही न बोलता मोबाइल शैलापुढे ठेवला.

तिने चष्मा लावला, दोन्ही मेसेज वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले.

"अहो," ती म्हणाली, "दिवस गेलेत तिला."

"असं कुठं लिहून आलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? आधी औषधाचं दुकान, मग बाळाचे कपडे. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. तिला तोंडानं म्हणता येईना, तुम्हाला बोलाववेना. म्हणून बाळाची पहिली खरेदी तिने तुमच्या कार्डावर केली. माहेरचा हक्क आहे तो तिचा. समजून घ्या की जरा!"

मला ते इतकं पटलं, इतकं पटलं, की सांगता सोय नाही. 'बरं बरं, भात वाढ' म्हणालो, आणि तेवढ्यात बँकेचा तो फोन आला. मग मी 'हो' म्हणणार नाही तर काय म्हणणार?

दुपारी शैलाने पेटीच्या तळातल्या जुन्या सुती साड्या काढल्या. नव्या कापडाला खळ असते, बाळाला टोचते, दुपटी जुन्याचीच करायची. मशीनला तेल घातलं आणि पहिली टीप मारायच्या आधी थबकली.

"पण अहो, बाळ व्हायच्या आधी त्याचे कपडे आणत नाहीत आपल्यात. उज्जूला एवढंही ठाऊक नाही?"

"कानडी लोकांत आणत असतील," मी ठोकून दिलं.

"असेल, असेल." आणि मशीन सुरू झालं. मीसुद्धा गप्प बसलो नाही. वर्कशॉपमध्ये सागवानाचे तुकडे नेले आणि लेथवर एक खुळखुळा काढला. पोरांना कधी जमला नाही इतका गुळगुळीत. कुणी विचारलं तर 'नमुना काढतोय' म्हणायचो.

मंगळवारी सोनाराचं दुकान आलं. सतरा हजार नऊशे.

"वाळे घेतले!" मी म्हणालो.

"वाळे चांदीचे असतात. पायात सोनं घालतं का कुणी?" शैला म्हणाली. "बिंदल्या असतील हातातल्या."

"तेच ते."

"सतरा हजारांच्या बिंदल्या? एवढी कशी उधळी झाली ही?"

"माझे पैसे, माझा नातू. तुझं काय जातंय?"

बुधवारी एक परमिट रूम आली, एकोणीसशे रुपये. शैलाने नुसतंच माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जावयाने मित्रांना पार्टी दिली असेल, बाप होणाराय. 'जावई' म्हणालो मी. ते ऐकून तिने परमिट रूमसुद्धा माफ करून टाकली.

तुम्ही म्हणाल, एवढा एका सुताचा हिशोब ठेवणारा माणूस, याला दिसत नव्हतं का? दिसत होतं हो. झोपेतून उठलं की पहिल्या मिनिटाला दिसायचं. पण मोबाइल वाजला की मन म्हणायचं, उज्जू बोलतेय. माणूस किती वर्षं वाट बघतो आणि मग कशावर विश्वास ठेवतो, त्याला काही सुमार नाही.

गुरुवारी दुपारी चार दहाला हुबळीतलं मोबाइलचं दुकान आलं आणि चार चाळीसला म्हापशातलं कपड्यांचं. बँकेची मुलगी पुन्हा फोनवर आली. या वेळी ती 'सर' सोडून 'काका' म्हणाली.

"काका, अर्ध्या तासात हुबळीहून म्हापशाला कोण जाईल? तुम्ही उद्या शाखेत या. माझं नाव शबाना तांबोळी."

मी गेलो. पोरगी आमच्या उज्जूच्याच वयाची, कपाळावर आलेले केस सारखी मागे सारायची. तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून सगळे व्यवहार दाखवले. पहिला बासष्ट रुपयांचा होता ना, तो चोराने कार्ड चालतंय का हे बघायला केलेला. चोर असंच करतात म्हणाली. चाललं, की मग मोठी खरेदी. कार्डाची नक्कलही निघालीय, एक हुबळीत फिरतंय, एक गोव्यात.

"आता बंद करते, काका."

"थांबा," मी म्हणालो.

"कशासाठी?"

काय सांगणार होतो मी तिला? पण सांगितलं. आजवर बायकोपुढेसुद्धा जे बोललो नव्हतो ते त्या परक्या मुलीला बोलून गेलो. "बंद केलं तर मेसेज यायचे बंद होतील हो. तीन वर्षांनी यायला लागलेत."

तिने हात कळफलकावरून उचलला. मग हळूच म्हणाली, "काका, हे मेसेज तिचे नाहीत."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "करा बंद."

मग तिने एक फॉर्म काढला. हे व्यवहार आम्ही केलेले नाहीत असं लिहून द्यायचं, आणि कार्ड उज्ज्वलाच्या नावावर असल्यामुळे तिचीही सही पाहिजे. दहा दिवसांत. नाहीतर सगळी रक्कम, अठ्ठेचाळीस हजार आणि वर काही, माझ्या डोक्यावर.

"कुरिअरने पाठवलं तरी चालेल," शबाना म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण तुम्ही स्वतः गेलात तर लवकर होईल."

घरी आलो तर शैला टोपड्याला नाडी ओवत होती. मी दारातच सांगून टाकलं. तिने नाडी पुरती ओवली, गाठ मारली, टोपडं मांडीवर सरळ केलं.

"म्हणजे बाळ नाही?"

"मला काय ठाऊक? असेल, नसेल. खरेदी चोराने केली एवढं खरं. सही घ्यायला पाहिजे तिची. पण राहते कुठं ती?"

शैला उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक लिफाफा काढून आणला. दोन वर्षांपूर्वीचं दिवाळीचं भेटकार्ड. मागे उज्जूच्या अक्षरात पत्ता, विद्यानगर, हुबळी.

"दोन वर्षं आहे तुझ्याकडे? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? फोन करायचा नाही, पत्र टाकायचं नाही अशी शपथ होती. आलेलं पत्र टाकून दे अशी नव्हती."

तिने माझी बॅग भरली, तीच ती फुकटची, चेनच्या जागी दोरी बांधून. वर एक गाठोडं ठेवलं. सहा दुपटी, चार टोपडी, खाली माझा खुळखुळा.

"हे कशाला?"

"असू दे. बाळ असेल तर देऊन या. नसेल तर उघडूच नका."

मिरजेहून सकाळच्या गाडीने निघालो आणि दुपारी दोनला हुबळी. रविवार होता. तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक, दाराला झेंडूचं तोरण, दारात कानडी पद्धतीची रांगोळी. घंटा वाजवायच्या आधी मी फॉर्म बॅगेतून काढून हातात घेतला, म्हणजे कशासाठी आलोय ते लगेच दिसावं.

दार उज्जूनेच उघडलं. वाळली होती. पोट पाठीला लागलेलं. मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई?" ती म्हणाली. "आईला काय झालं?"

म्हणजे बघा. बाप दारात आला तर आई गेली असणार, याशिवाय दुसरं काही त्या पोरीच्या मनातच आलं नाही.

"आई धडधाकट आहे," मी म्हणालो. "तुझी सही पाहिजे."

ती खाली बसली, तिथंच, उंबऱ्यावर. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी फॉर्म हातात धरून जिन्यातच उभा. शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आत या, बाबा." बघा, मला आत बोलवायला तिला एक मिनिट लागलं नाही.

महांतेश गावी गेला होता. तिने चहा टाकला. मी सगळं सांगितलं, औषधाच्या दुकानापासून म्हापशापर्यंत. बाळाचं तेवढं सोडून.

"पाकीट दीड महिन्यापूर्वी बसमध्ये मारलं," ती म्हणाली. "बाकीची कार्डं लगेच बंद केली."

"आणि हे? हे पाकिटात कशाला ठेवलं होतंस? वापरत तर नव्हतीस."

"तुम्ही दिलेलं होतं म्हणून." तिने कप माझ्यासमोर ठेवला. "हे बंद करायलाही फोन लावला होता. ते म्हणाले, मूळ कार्डधारकांना कळवतो. मी ठेवून दिला फोन. तीन वर्षांनी बापाला निरोप जायचा तो काय, कार्ड हरवलं म्हणून? तुम्ही म्हणाला असता, बघ, तेवढंसुद्धा सांभाळता आलं नाही."

म्हणालो असतो. तेच म्हणालो असतो, शब्दसुद्धा तेच.

"पण बाबा, तुमच्याकडे मेसेज येत होते ना? तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही बंद केलं?"

"मला वाटलं, तू आहेस."

"मी? तीन वर्षांनी तुमच्या पैशाने सोनं घेईन?"

"घे की. कोण नको म्हणतंय?"

तिने फॉर्म पुढे ओढला, पेन शोधायला म्हणून माझी बॅग सरकवली, आणि ती दोरी! सुटली. गाठोडं कलंडलं आणि खुळखुळा फरशीवर घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिने तो उचलला. मग एक दुपटं उचललं. आईच्या जुन्या साडीचा काठ तिने लगेच ओळखला, बोटाने चाचपून बघितला.

"हे काय आहे?"

"तुझी आई म्हणाली... लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आलं ना मोबाइलवर. आम्हाला वाटलं तसं. वेडी आहे ती. मीही."

"नाहीये, बाबा," ती म्हणाली.

"दिसतंय मला. राहू दे. भरतो मी परत."

"एकदा होतं." दुपटं तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या घड्या घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. "गेल्या श्रावणात. चौथ्या महिन्यात गेलं. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी आईचा आवाज ऐकावासा वाटला. फोन लावला. तुम्ही उचललात."

तंगडं मोडून हातात देईन. मी म्हणालो होतो. माझ्या लेकीला, त्या दिवशी.

"मला वाटलं, चोरटे आहेत," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. तुम्ही ओरडलात तेव्हा मी इकडे हसलेसुद्धा थोडी. म्हटलं, बाबा आहेत तसेच आहेत."

मी हात पुढे केला, पण तो तिच्या डोक्यापर्यंत गेला नाही, मधेच कपाला लागला आणि चहा सांडला. तिने उठून फडकं आणलं. मग तिने फॉर्म भरला. सही केली, तारीख घातली. शेवटी एक रकाना होता, मूळ कार्डधारकाशी नातं. तिथं तिचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत होतो. मग पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं.

गाठोडं तिने परत दिलं नाही. "राहू दे इथं," एवढंच म्हणाली.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. मला म्हणायचं होतं, घरी ये. दोन शब्द. आयुष्यभर लोखंड कातलं, पण ते दोन शब्द काही घशातून बाहेर निघेनात. एक जिना उतरलो. मागे वळलो. ती कठड्याला धरून उभी होती.

"उज्जू," मी म्हणालो, "नवयुगमध्ये आता कार्ड चालतं."

"काय?"

"नवयुग बेकरी. मशीन बसवलंय त्यांनी."

मी भराभर खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर शैलाने सगळं ऐकून घेतलं. श्रावणातलं ऐकलं तेव्हा तिने भिंतीचा आधार घेतला. रडली नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सुटली म्हणा."

"काय?"

"शपथ. सुटली म्हणा आधी."

"सुटली," मी म्हणालो. ती सरळ फोनकडे गेली, आणि त्या संध्याकाळी मायलेकी दोन तास बोलत होत्या.

बँकेने बहुतेक पैसे परत केले. सोमवारचे दोन व्यवहार तेवढे माझ्या माथी राहिले, कारण फोनवर मी स्वतः 'हो' म्हणालो होतो. ते मी बिनबोभाट भरले. शबानाने विचारलं, "काका, मुलीचं कार्ड कायमचं बंद करायचं, की नवीन काढायचं?"

"नवीन काढा. आणि हुबळीच्या पत्त्यावर पाठवा."

कार्ड पोचलं, तसं उज्जूने आईला सांगितलं. पण वापरलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. मी मोबाइल उशाशी ठेवायचो, आंघोळीला जाताना खिडकीत ठेवायचो. दर रविवारी शैला फोनवर तिला म्हणायची, ये गं एकदा. आणि पलीकडून काहीतरी ऐकून माझ्याकडे बघायची.

"काय म्हणते?" मी विचारायचो.

"विचारते, बाबा म्हणाले का?"

"मी बोललोय की तिला!"

"काय बोललात?"

"बेकरीत कार्ड चालतं म्हणून."

शैलाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, याला बोलावणं म्हणतात का?"

"माझ्यात म्हणतात," मी म्हणालो आणि पेपर तोंडापुढे धरला. पण पेपरामागे मला काही अक्षर दिसत नव्हतं. वाटायचं, तिला नाही कळलं. तीन वर्षं तोडून टाकलेल्या पोरीला बेकरीवरून काय कळणार? उठावं, फोन हातात घ्यावा, म्हणावं. रोज ठरवायचो. रोज राहायचं.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. सकाळचे सव्वाअकरा. शैला तीळ भाजत होती, मी दाढी करत होतो. खिडकीतला मोबाइल वाजला. तोंडाला फेस तसाच ठेवून मी मेसेज उघडला.

उज्ज्वला वडगावे. नवयुग बेकरी, सांगली. एकशे दहा रुपये.

सांगली! मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. "शैला, भात वाढव!"

"का? कोण येणारे?"

उत्तर द्यायला थांबलो नाही. टॉवेलने तोंड पुसलं न पुसलं, पायात सापडली ती चप्पल अडकवली, आणि उंबरा ओलांडून रस्त्यावर आलो. स्टँडपासून आमचं घर चालत बारा मिनिटं. पिठाच्या गिरणीपाशी वळण आहे, तिथपर्यंत मी जवळजवळ पळालोच.

वळणावर ती भेटली. एकटीच. एका खांद्याला पिशवी, हातात खारीचा कागदी पुडा, पुड्याला तेलाचा डाग. मला बघून थांबली. माझा एक गाल दाढी केलेला आणि एक तसाच होता. ते बघून तिचे ओठ हलले, पण ती हसली नाही.

"मेसेज आला का, बाबा?"

"आला," मी म्हणालो. मग तिच्या हातातला पुडा घेतला, कारण हाताला काहीतरी पाहिजे होतं. "चल. घरी चल."